बंद पडलेल्या लेझरचा डबा



या वेळी धड्यावरचं टिपण किंवा स्वाध्याय नाही. गेल्या वर्षभरात एका जुन्या यंत्रापायी मी जे काही केलं, त्यातलं बरोबर काय आणि चूक काय, ते लिहिते आहे. चूक माझी आहे आणि ती लहान नाही.

मी बोईसर आणि चिंचणीच्या मधल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. बारावी आर्ट्स, मग डी.एड. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला असं मी धरून चालले होते. पण शाळेत शिक्षक मोजके असले की सातवीचं सामान्य विज्ञान कुणाला तरी घ्यावंच लागतं. ते माझ्याकडे आलं. ‘प्रकाशाचे परिणाम’ हा पाठ शिकवताना मी काचेच्या ग्लासात पाणी, त्यात दोन थेंब दूध आणि बाजूला बॅटरी असा प्रयोग करत असे. मुलं बघायची, मान हलवायची. बस्स.

माझ्या मिस्टरांचे एक मामेभाऊ एका कॉलेजात लॅब अटेंडंट आहेत. तिथल्या जुन्या सामानाचं निर्लेखन झालं आणि सगळं भंगारात गेलं. त्यात एक लेझर होता. भावोजींनी फोन केला, “वहिनी, तुमच्या पोरांना दाखवायला होईल का? पण बंद आहे हं.” भंगारवाल्याने तीनशे रुपये घेतले. घरी आला तेव्हा दोन भाग होते: हातभर लांबीची काळी नळी, आणि टिफिनच्या मोठ्या डब्याएवढा एक पत्र्याचा पॉवर सप्लाय. पुढे किल्ली लावायची जागा, मागे जाड वायर. नळीवर पट्टी चिकटवलेली: हीलियम-निऑन, ६३२.८ नॅनोमीटर, दोन मिलिवॅट.

किल्ली फिरवली की डब्यावरचा छोटा दिवा लागायचा. नळीच्या तोंडातून भिंतीवर लाल ठिपका यायचा, थरथरायचा, जायचा, पुन्हा यायचा. डब्यातून घुंईईई आवाज. पावसाळी हवा असली की त्यात ‘चुर्र’ अशी भर पडायची, जशी तव्यावर पाण्याचा थेंब टाकल्यावर पडते.

आता कुणी म्हणेल, जत्रेत शंभर रुपयांत लेझरची बॅटरी मिळते, मग हा खटाटोप कशाला? बरोबर आहे. ठिपका दाखवायचा तर ती पुरते. (जत्रेतल्या त्या बॅटऱ्यांवर लिहिलेल्या आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका, विशेषतः हिरव्या. पालकांनी तर मुलांच्या हातात देऊच नयेत.) पण मला ती नळी बघून मोह झाला. तिच्या आत गुलाबी-केशरी वायू पेटलेला दिसतो. म्हणजे प्रकाश कुठे जन्मतो ते डोळ्यांनी दिसतं. ते त्या जत्रेतल्या बॅटरीत दिसत नाही.

तर चूक अशी झाली.

जुलैमधला शनिवार. सकाळची शाळा सुटली होती. मी डबा शाळेत नेला होता, कारण घरी माझी धाकटी तीन वर्षांची आहे आणि तिच्यासमोर उघडायचा नव्हता. बघा, घरच्या मुलीची काळजी केली आणि शाळेतल्या मुलांची नाही! सातवीतला एक मुलगा थांबला होता. त्याचे वडील डायच्या कामात आहेत. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात घराघरांतून सोन्याच्या दागिन्यांचे साचे कोरण्याचं काम चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर मोहरीएवढी फुलं, पानं कोरतात. त्या घरातल्या मुलांची नजर वेगळीच असते. मी त्याच्या हातात मोबाईलची बॅटरी दिली आणि म्हटलं, “धर इथे उजेड.”

किल्ली फिरवून ठिपका थरथरताना त्याला दाखवला. मग किल्ली बंद केली, पिन काढली, चार स्क्रू काढले, झाकण उघडलं. पिन काढली म्हणजे वीज गेली, असा माझा सरळ हिशेब. आत धूळ, गंजाचे डाग, हिरवट पडलेले टाके. चार जाडजूड गोल नळकांड्या ओळीने उभ्या. तो वाकून बघत होता आणि अर्ध्या मिनिटात म्हणाला, “बाई, ह्याचा पाय तुटलाय.” त्याने बोट पुढे केलं.

मला दिसेना. “कुठे रे?” म्हणत मी त्याचा हात बाजूला सारून स्वतःचा घातला. पुढचं मला नीट आठवत नाही. अंगठा आणि तर्जनीमध्ये कुणी हातोडा मारावा तसं झालं, कोपर मागच्या बाकावर आपटलं आणि मी खाली बसले. पिन काढून दोन मिनिटंही झाली नसतील. दुसरा हात डब्याला लागलेला नव्हता, म्हणून जे व्हायचं ते एकाच हातात झालं. बोटांवर दोन पांढरे ठिपके उठले होते.

पोरगा बॅटरी धरून तसाच उभा. चेहरा पांढरा. त्याचं बोट माझ्या बोटाच्या जागी असायला वीतभराचंच अंतर होतं.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. न सांगता राहता आलं असतं, त्याने काही सांगितलं नव्हतं. त्याची आई एमआयडीसीत पॅकिंगला जाते, नुकतीच आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. म्हणाली, “बाई, तुमच्या भरवशावर पोरगा धाडतो आम्ही.” एवढंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं. सोमवारपासून तो विज्ञानाच्या कोपऱ्याकडे फिरकेना. मुख्याध्यापक सरांनाही मी सांगितलं. ते म्हणाले, उघडा डबा पुन्हा शाळेच्या आवारात दिसता कामा नये. योग्यच होतं.

डबा पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला. पण तो ‘पाय’ डोक्यातून जाईना. पोराने काय बघितलं होतं?

बोईसरला स्टेशनकडच्या गल्लीत एक टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता तिथे मिक्सर, इस्त्री आणि सेटटॉप बॉक्सचे रिमोटच जास्त. काका साठीच्या पुढचे. डोक्याएवढ्या मागच्या बाजूचे जुने टीव्ही त्यांनी तीस वर्षं दुरुस्त केले. त्या पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागायचे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. दिवाळीच्या सुट्टीत डबा घेऊन गेले. लेझर त्यांनी आयुष्यात उघडला नव्हता, पण झाकण काढल्याबरोबर म्हणाले, “अरे, हा तर आपलाच माणूस.”

त्यांनी पहिलं काम केलं ते खिशात डावा हात घालण्याचं. हे त्यांचं जुनं व्रत. उघड्या डब्यात एकच हात जाणार, दुसरा खिशात, म्हणजे करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जायला वाट नाही. दुसरं काम, प्लास्टिकच्या लांब पट्टीला बांधलेला एक जाड रेझिस्टन्स. त्याची एक वायर पत्र्याला अडकवलेली. दुसरं टोक एकेका नळकांडीला लावून त्यांनी मनात दहा आकडे मोजले. मग मीटर लावून बघितलं, मग पुन्हा पट्टी लावली. डबा तीन महिने बंद होता, तरीही. मी विचारलं, स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करतात ना? म्हणाले, “करायचो की. एकदा टोकच वितळून चिकटलं. आणि धडाम आवाजाने माणूस दचकतो, दचकला की दुसरा हात कुठे तरी लागतो. हळूच रिकामं करायचं, ताई.”

त्या नळकांड्या म्हणजे कपॅसिटर. काका कंडेन्सर म्हणतात. वीज साठवणारी टाकी. मोटार बंद केली तरी टाकीतलं पाणी जात नाही, इतकं साधं आहे हे, आणि मी पाचवीला टाकीचीच उदाहरणं देते. चार टाक्या एकापुढे एक जोडलेल्या, प्रत्येकी १० मायक्रोफॅरड आणि ५०० व्होल्टच्या, म्हणजे मिळून दोन हजारांपर्यंतचा दाब झेलणाऱ्या. प्रत्येकीला समांतर एकेक छोटा रेझिस्टन्स. त्याची कामं दोन: चौघींमध्ये दाब सारखा वाटायचा, आणि डबा बंद झाल्यावर टाकी हळूहळू रिकामी करायची.

काकांनी भिंग लावलं. दुसऱ्या टाकीच्या रेझिस्टन्सचा पाय टाक्याच्या अगदी जवळ गंजून तुटला होता. तुटलेल्या जागी केसाएवढी फट. बाकीच्या तीन टाक्या मिनिटाभरात आपोआप रिकाम्या होत होत्या, ही एक भरलेली राहत होती. माझी बोटं नेमकी हिच्या दोन टोकांवर पडली होती.

म्हणजे पोराने साध्या डोळ्यांनी, मोबाईलच्या उजेडात, पहिल्या अर्ध्या मिनिटात दोष दाखवला होता. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “त्याला पाठवा माझ्याकडे.” मी गप्प बसले.

पण ठिपका थरथरण्याचं कारण ते नव्हतं. ते समजायला नळीचं गणित समजावं लागतं. काकांनी मला ट्यूबलाइटवरून समजावलं आणि मी ते जसंच्या तसं वर्गात वापरलं. ट्यूबलाइटला पेटायला स्टार्टरचा एक जोराचा धक्का लागतो. पेटल्यावर मात्र कमी दाब पुरतो, आणि उलट चोक लावून तिला आवरावं लागतं. कारण वायूतून वीज एकदा वाहू लागली की ती वाढतच जाते, उतारावरच्या सायकलसारखी. लेझरच्या नळीचं तेच. पेटायला काही हजार व्होल्टचा झटका, पेटल्यावर हजार-दीड हजार, आणि ब्रेक म्हणून वाटेत मोठा रेझिस्टन्स. आमच्या डब्यात तो ७५ किलोओहमचा निघाला, नळीच्या अगदी तोंडाशी. झटका देणारा भाग काळ्या मसाल्यात बुजवलेला होता. काका म्हणाले, हा आपल्या कलर टीव्हीचा ट्रिपलरच, याला हात लावायचा नाही.

सायकल उतारावर चालती ठेवायची तर ब्रेक हवा, पण फार दाबला तर ती थांबते. या नळीला साधारण पाच मिलिअँपिअर लागतात. त्याच्या बरंच खाली गेलं की वायू विझतो, मग सप्लाय पुन्हा झटका देतो, पुन्हा पेटतो. हीच ती थरथर. वीज खाली का जात होती? चौथी टाकी वाळली होती. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतला ओलावा उडून गेलेला. मीटरवर १० च्या जागी ०.२ आलं! टाक्या एकापुढे एक जोडल्या की सगळ्यांत लहान टाकी सगळ्यांना लहान करते. म्हणजे वीज सपाट वाहायच्या ऐवजी सेकंदाला शंभर वेळा खालीवर हेलकावत होती, आणि प्रत्येक खळग्यात नळी विझू बघत होती.

आणि ती ‘चुर्र’? ती आपल्या खाऱ्या वाऱ्याची. समुद्राकाठच्या घरांत खिडकीचे गज का खातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मिठाची धूळ पावसाळ्यात ओली झाली की हजारो व्होल्टना तिच्यावरून वाट मिळते. काकांनी दुकानाचा दिवा घालवून एकदा दाखवलं. हाताची घडी घालून, दोन पावलं मागे उभं राहून. वायरीच्या बुंध्याशी निळसर रेष वळवळत होती. गंमत बघा, ज्या तारापुरात १९६९ पासून अणुवीज तयार होते, तिथल्या आम्हा लोकांना हवेतून पळणारी वीज बघायला भंगारातला डबा लागला.

जुना टूथब्रश आणि आयपीए म्हणतात ते स्पिरिट घेऊन साफसफाई झाली, नंतर दोन दिवस साठ वॅटच्या बल्बखाली सुकवण. ५०० व्होल्टचे कंडेन्सर बोईसर-पालघरला मिळाले नाहीत. मी विरार आणि दादरला गाड्या बदलत ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडची दुकानं फिरले. तीन दुकानांत “साडेचारशेवाला घ्या, चालेल” ऐकलं. काकांचा निरोप होता की चालणार नाही. चौथ्या दुकानात मिळाले. काकांनी चारही बदलले, चारही छोटे रेझिस्टन्स बदलले. “एक गेला म्हणजे बाकीचे रांगेत उभे असतात.” सगळ्यांचे मिळून साडेसातशे रुपये झाले. मजुरी घेतली नाही, दिवाळीचा फराळ घेतला.

तपासणीची त्यांची पद्धत मला फार आवडली. साधा मीटर हजार व्होल्टपर्यंतच चालतो. नळीच्या टोकांना लावला तर सुरू होतानाच्या झटक्याने मीटर जाईल आणि कदाचित माणूसही. म्हणून परतीच्या वाटेवर, पत्र्याच्या बाजूला, १ किलोओहमचा एक छोटा रेझिस्टन्स घातला आणि मीटरच्या क्लिपा डबा बंद असतानाच त्याला अडकवल्या. आता तिथे जितके व्होल्ट, तितके मिलिअँपिअर. किल्ली फिरवली. टक् असा आवाज, मीटरवर पाचाच्या आसपास आकडा, आणि समोरच्या इस्त्र्यांच्या फळीवर लाल ठिपका. स्थिर. काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पिक्चर ट्यूब पेटायची तेव्हा असंच वाटायचं.”

झाकण लावून त्यांनी एक स्क्रू असा बसवला की साध्या पेचकसने निघणार नाही.

हे वाचून कुणी घरी किंवा शाळेत असा डबा उघडू नये. मी लिहिते आहे ते उघडण्यासाठी नाही. ज्याने आयुष्यभर उच्च दाबाचं काम केलंय अशा माणसाकडे न्या, आणि मुलांना दुकानाच्या बाहेर ठेवा.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेत दाखवला. शाळा व्यवस्थापन समितीला आधी लेखी कळवलं. नळी टेबलाला पट्ट्यांनी घट्ट बांधली, मुलांच्या डोळ्यांच्या बऱ्याच खाली. बाकं बाजूला, मुलं नळीच्या मागे. समोर भिंतीवर पांढरा कागद, वर्गात एकही आरसा नाही, किल्ली माझ्या गळ्यात. रामन यांनी १९२८ साली आपला शोध जाहीर केला तेव्हा लेझर नव्हताच, सूर्यप्रकाश आणि पाऱ्याचा दिवा यांवर काम झालं, हे सांगितलं. हीलियम-निऑनचा पहिला लेझर डिसेंबर १९६० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चालू झाला. करणारे अली जावन, विल्यम बेनेट आणि डोनाल्ड हेरियट. जावन मूळचे तेहरानचे. त्या लेझरचा प्रकाश डोळ्यांना दिसतही नव्हता, दिसणारा लाल १९६२ चा. आणि आपल्या ट्रॉम्बेला १९६४ सालीच गॅलियम आर्सेनाइडचा लेझर बनवला होता. ट्रॉम्बे म्हटल्यावर दोघीतिघींनी मान वर केली, त्यांचे मामा तिकडे असतात.

नळीत काय घडतं ते खो-खोवरून सांगितलं. वीज हीलियमच्या अणूंना पळवते. हीलियम पळत जाऊन निऑनला ‘खो’ देतो. निऑन उठतो आणि खाली बसताना लाल प्रकाश सोडतो. दोन टोकांना आरसे आहेत, त्यामुळे प्रकाश आत येरझाऱ्या घालतो आणि वाटेतल्या निऑनना आपल्याच तालावर सोडायला लावतो. एका आरशातून थोडा बाहेर पडतो, तोच आपला ठिपका. हे मुलांना समजलं. नंतर दोन दिवस मैदानावर एकमेकांना “ए हीलियम” म्हणत होती.

पण खरा रंग भरला तो केस मोजण्यात. केस किरणाच्या वाटेत ताणून धरला की भिंतीवर ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना लाल-काळे-लाल असे पट्टे पडतात. प्रकाश लाटेसारखा वळतो म्हणून. केस जितका बारीक, तितके पट्टे लांब लांब. गणित सातवीचं आहे: केस भिंतीपासून बरोबर ३ मीटरवर ठेवायचा. लाटेची लांबी ०.०००६३२८ मिलिमीटर, गुणिले ३००० मिलिमीटर, म्हणजे साधारण १.९. याला दोन शेजारच्या काळ्या पट्ट्यांमधल्या अंतराने भागायचं (मधला लाल पट्टा दुप्पट रुंद असतो, तो सोडून). माझ्या केसाचं अंतर २७ मिलिमीटर आलं. १.९ भागिले २७, म्हणजे ०.०७ मिलिमीटर, सत्तर मायक्रॉन. नुसत्या फूटपट्टीने! ज्या मुलांना दशांशाचा भागाकार म्हटलं की पोटात दुखायचं ती पाटीवर भांडत होती की ‘हिचा जाड की माझा’.

तो मुलगा आला होता. सगळ्यात मागे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. मी सगळ्यांसमोर सांगितलं की डब्यातला दोष यानेच शोधला आणि हात घालण्याची चूक बाईंची. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्याने हात सोडले नाहीत.

फूटपट्टी धरायला मी त्यालाच बोलावलं. भिंतीजवळ आला आणि म्हणाला, “बाई, हात लावू?”

भिंतीला हात लावायला विचारत होता. लाव म्हटलं.

नळी आता म्हातारी आहे. दमट हवेत पेटायला चार-पाच सेकंद घेते. काका म्हणतात, हीलियम फार बारीक, काचेतून आणि सांध्यांतून हळूहळू निसटतो, वर्ष-दोन वर्षं चालली तर नशीब. केसांची यादी अजून वर्गाच्या मागच्या भिंतीवर आहे, एकतीस नावं. शेवटचं नाव मार्चमध्ये चढलं. एका सकाळी त्या मुलाने वहीच्या कागदात नीट गुंडाळलेला एक लांब केस माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, “आईने दिलाय.” मधल्या सुट्टीत मोजला. साडेबावीस मिलिमीटर, म्हणजे चौऱ्याऐंशी मायक्रॉन. यादीत सगळ्यांत जाड.